चौकटी कंसातले ‘पोर्तु.’: मराठीच्या कोशकारांना खुले पत्र

प्रति,
मराठीचे कोश करणारे, कोशमंडळे चालवणारे आणि त्यांच्या अनुदानाच्या कागदावर सही करणारे सर्व मान्यवर यांस,

सविनय नमस्कार.

मी छत्तीस वर्षे प्रुफे वाचली. कादंबरीचे प्रूफ वाचताना माणूस गोष्टीत रमतो आणि चुका निसटतात. कोशाच्या प्रुफात रमायला काही नसते, म्हणून डोळा कंसांवर राहतो. [सं.], [फा.], [अर.], [का.], [इं.], आणि अधूनमधून [पोर्तु.]: शब्द संस्कृत, फारसी, अरबी, कानडी, इंग्रजी की पोर्तुगीज, कुठून आला त्याची खूण.

एका कोशाच्या गॅलीत, म्हणजे कच्च्या प्रुफात, ‘लिलाव’ शब्दापुढे मूळ पोर्तुगीज शब्द चुकीचा पडला होता. मी समासात खूण केली आणि कागद घेऊन संपादकांकडे गेलो. गृहस्थ भले, कामाच्या ढिगात बुडालेले. म्हणाले, “पोर्तु. आहे ना? मग झालं. त्यापुढचं कोण बघतंय!” मी खूण खोडली आणि फॉर्म छपाईला गेला. ती खोडलेली खूण अजून टोचते, आणि हे पत्र तिच्यापायी आहे.

कारण त्यापुढचे बघणारा एक माणूस होऊन गेला आहे. आपल्या शेजारचा. सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो. गोव्यात बार्देसमधल्या आसगावात ८ मे १८५५ रोजी जन्म, लिस्बनमध्ये ४ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू. पेशाने पाद्री, पदवीने मोन्सिन्योर, आणि काम मात्र सगळे शब्दांचे. राशोलच्या सेमिनारीत शिकले, रोमला जाऊन कायद्याचे पंडित झाले. मग चर्चने नेमले तिथे गेले: सिलोन, बंगाल, होनावर. पोर्तुगालचा राजा आणि पोप यांच्यात १८८६ मध्ये करार झाला, धर्मप्रांतांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, आणि त्या ओढाताणीत दाल्गादोंसारख्यांच्या बदल्या होत राहिल्या. सरकारी नोकर बदलीला वैतागतो. या माणसाने प्रत्येक बदलीच्या गावाहून तिथली भाषा उचलली आणि तिच्यात पोर्तुगीजचे काय काय पडले आहे ते टिपून ठेवले. सिलोनच्या मुक्कामातून पुढे १९०० साली सिलोनमधल्या पोर्तुगीज बोलीवरचा ग्रंथ निघाला.

त्यांचा पहिला मोठा कोश मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोंकणी-पोर्तुगीज कोश, १८९३. कोंकणी शब्द देवनागरीत, शेजारी रोमन लिप्यंतर. छापला कुठे? मुंबईत, ‘इंदुप्रकाश’च्या छापखान्यात. ‘इंदुप्रकाश’ म्हणजे विष्णुशास्त्री पंडितांचे, न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींचे पत्र. त्याच १८९३ च्या ऑगस्टात त्याच पत्रात बडोद्याच्या नोकरीत असलेल्या तरुण अरविंद घोषांची काँग्रेसवर कोरडे ओढणारी लेखमाला सुरू झाली. तिची आठवण अधूनमधून कुणीतरी काढते. त्याच छापखान्यातून बाहेर पडलेल्या कोशाची आठवण कुणी काढल्याचे माझ्या तरी कानावर नाही. देवनागरी खिळे जुळवणारे हात तिथे होते म्हणून एक गोंयकार पाद्री तिथे आला असणार, असे माझ्यातला मुद्रितशोधक समजतो. (गंमत अशी की देवनागरीत कोश करणाऱ्या याच दाल्गादोंचे नाव आज गोव्यात रोमी लिपीतल्या कोंकणीसाठी झटणाऱ्या अकादमीला आहे. कोंकणीचा लिपीवाद आणि मराठी-कोंकणी वाद, दोन्हींत मला शिरायचे नाही. त्यांनी कोंकणीला स्वतंत्र भाषा मानून कोश केला, एवढे नोंदवतो.)

१८९५ मध्ये ते लिस्बनला गेले आणि तिथलेच झाले. १९०७ मध्ये तिथे संस्कृतचे अध्यापक. हितोपदेश आणि नल-दमयंतीची कथा त्यांनी पोर्तुगीजमध्ये नेली. पण तुमच्यासमोर मला ठेवायची आहेत ती दोन पुस्तके वेगळी. पहिले १९१३ चे, आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या प्रभावाचे. पोर्तुगीज शब्द आशियातल्या सुमारे पन्नास भाषांत कुठे कुठे, कोणकोणत्या रूपात जाऊन बसले, त्याची वर्णानुक्रमे मांडणी. दुसरे उलट दिशेचे: आशियातून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांचा कोश, ‘ग्लोसारियो लुझो-आझियातिको’, दोन जाड खंड, १९१९ आणि १९२१. या वर्षांत मधुमेहाने त्यांचा आधी एक पाय कापावा लागला, मग दुसरा. पोपची खास परवानगी मिळवून ते मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, बसून म्हणत. म्हणजे जुने बखरकार, जहाजांवरचे प्रवासी, पाद्र्यांची पत्रे उपसून शब्दाशब्दाला सनावळीने दाखले लावण्याचे काम या माणसाने खुर्चीत बसून केले.

त्यांचे पाय हा त्यांच्या विद्वत्तेचा पुरावा नव्हे, हे मलाही कळते. त्यासाठी पुस्तक उघडावे. १९१३ च्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९३६ साली निघाले. भाषांतरकार आंतोनिओ (अँथनी) झेवियर सोआरिस. मराठी राज्यकर्त्याच्या पैशाने चाललेली ग्रंथमाला, लेखक गोव्याचा, पुस्तकात पानोपानी ‘मराठी’ हे लेबल. मी ते एका ग्रंथालयाच्या खोलीत तीन दुपारी वाचले. प्रत बाहेर नेऊ देत नव्हते.

सगळ्यांत आधी एक ध्वनी सांगतो, कारण कोशाच्या कंसात तो मावत नाही. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी एक नाकातला ‘आंव’ असतो. त्यांचा भाकरीचा शब्द तसा संपतो, आपण त्याला पाव केले. त्यांचा बोली लावून विकण्याचा शब्द ‘लेइलांव’, मुळात अरबी, आपण लिलाव केले. तोच पुढे मलयमध्ये ‘लेलांग’ झाला, आणि पाव जपानात ‘पान’ होऊन बसला. आता उलट पाहा. आपल्या ‘गाव’ला पोर्तुगीज लेखणीने काय केले? मडगावचे मार्गांव, आसगावचे आसागांव, लिहिताना शेवटी तोच नाकातला स्वर, तीच डोक्यावरची नागमोडी खूण. त्यांचे ‘आंव’ आपल्या कानाला ‘आव’ लागले, आणि आपले ‘आव’ त्यांच्या कानाला ‘आंव’. सेबास्तियांव दाल्गादो, जन्म आसगाव: त्यांच्या नावाच्या आणि गावाच्या शेवटी ही देवघेव आयतीच लिहिलेली आहे. शब्द पुस्तकातून आले असते तर आपण अक्षर पाहून उच्चार बिघडवला असता. हे कानावरून आलेले आहेत, म्हणून असे बेमालूम बसले.

आता एकच शब्द सावकाश घेऊ. तुरुंग.

मला हा शब्द लहानपणापासून संस्कृत वाटे. ‘तुरंग’ म्हणजे घोडा, त्याचाच कुणी भाऊबंद असेल. कोशात पाहिले तर [पोर्तु. ट्रोंको]. झाले, विषय मिटला. पण पोर्तुगीज ‘ट्रोंको’ म्हणजे तुरुंग नाही. त्याचा साधा अर्थ झाडाचे खोड. मग खोडाचा कैदखाना कसा झाला? जाड ओंडक्याला भोके पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवत. त्या ओंडक्याला खोडाचेच नाव. आशियातल्या पोर्तुगीज वस्त्यांत ओंडक्याचे नाव ओंडका ठेवलेल्या खोलीला पडले, खोलीचे इमारतीला. ती इमारत आपण उचलली आणि तिचा उच्चार आपल्या जिभेच्या वळणाने तुरुंग केला.

आणि आपल्याकडे काय होते? खोडा. ‘खोड्यात घालणे’ ही शिक्षा, ‘कामात खोडा घालणे’ हा वाक्प्रचार. खोड आणि खोडा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता झाडाच्या त्याच भागातून तीच शिक्षा काढली, आणि मग एकीने दुसरीचा शब्द घेऊन आपला शब्द वाक्प्रचारापुरता ठेवला. हे सगळे ‘[पोर्तु. ट्रोंको]’ या कंसात कुठे आहे? पानावर चार ओळी वाढल्या असत्या. चार ओळींचा कागद किती लागतो ते मला पक्के ठाऊक आहे.

‘पगार’ही असाच. पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ हे क्रियापद आहे: पैसे चुकते करणे. दरमहाच्या पैशाला त्यांचे नाम वेगळे. आपण मात्र क्रियापदाचे नाम केले, आणि ‘वेतन’ हा शब्द सरकारी आयोगांच्या नावापुरता उरला. ‘घमेले’ तर त्याहून मजेदार. ‘गामेला’ म्हणजे लाकडाची पसरट कुंडी, जनावरांना खायला घालायची किंवा पीठ मळायची. आपल्याकडे येता येता लाकडाचे लोखंड झाले, स्वयंपाकघरातून निघून ते बांधकामावर बाईच्या डोक्यावर चढले, आणि वाटेत ग ला ह चिकटून घ झाला. तो ह कुठून आला, हे एखाद्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगावे. माझ्या घराच्या मोरीचे काम चालू असताना मेस्त्री पोरावर ओरडला: “अरे, पिंपातलं पाणी बादलीत घे, घमेलं आण, आणि बिजागरी कुठे ठेवलीस?” मेस्त्री स्वतः, पिंप, बादली, घमेले, बिजागरी, सगळे लिस्बनकडून आलेले. मी हसलो तर म्हणाला, “काय झालं काका?” काय सांगणार!

या शब्दांची जात पाहिली तर फारसीहून वेगळी दिसते. फारसीने आपल्याला अर्ज, वकील, दावा, हुकूम, जमीन-महसूल दिला. ते दफ्तराचे शब्द, वरून खाली आलेले. पोर्तुगीज शब्द हातांचे आहेत. सुताराच्या पेटीतले, कोठारातले, गोदीतले, आगरातले. अननस, काजू, पपई, बटाटा ही तर पोर्तुगीजांचीही स्वतःची नावे नव्हेत. काजू आणि अननस ब्राझीलच्या तुपी लोकांचे शब्द, बटाटा कॅरिबियन बेटांवरचा. तिथून जहाजात बसून फळांबरोबर त्यांची नावेही आली. हापूस हा आफोंसो या नावाचा अवतार. तो नेमका कोण आफोंसो, यावर आंबेवाल्यांनी भांडावे.

दाल्गादो चुकतच नव्हते असे मी म्हणत नाही. ‘परात’ त्यांनी पोर्तुगीज ‘प्रातो’कडे नेली. आपल्यातले कित्येक तिला संस्कृत पात्राच्या वंशात बसवतील, आणि भांडणाला जागा आहे. ‘साबण’, ‘कमीज’ हे शब्द अरबीच्या वाटेने आले की पोर्तुगीजच्या, यावर एका वाक्यात निकाल देणाऱ्याचे मी तरी ऐकणार नाही. बहुधा दोन्ही वाटांनी आले, वेगवेगळ्या बंदरांत. पण त्यांच्याशी भांडायचे असेल तरी आधी त्यांचे पान समोर हवे.

आणि ते पान आपल्यासमोर आणायला मला वाटते तुम्हांला एकच गोष्ट पटवायला हवी: हा माणूस मराठीचाही कोशकार आहे. त्याला गोव्याचा, पोर्तुगालचा, चर्चचा म्हणून आपण सोडून दिला. १९०६ मध्ये त्यांनी ‘नॉर्ते’ची पोर्तुगीज बोली यावर लिहिले. नॉर्ते म्हणजे उत्तर; पोर्तुगीजांच्या लेखी उत्तर प्रांत म्हणजे वसई, ठाणे, साष्टी, चौल. हा पट्टा म्हणजे तर आपली लोकल गाडी आणि आपली एसटी! चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले, पण तिथल्या लोकांच्या जिभा काही तहात लिहून दिल्या नव्हत्या. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती मंडळींनी १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, तरी दाल्गादोंना या पट्ट्यात पोर्तुगीज बोलीचे लिहिण्याजोगे धागे सापडले.

त्याच्याही आधी, १८७६ पासून, ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात ह्यूगो शुखार्ट नावाचे एक प्राध्यापक बसले होते. रोमान्स भाषांचे, म्हणजे लॅटिनच्या लेकींचे, त्या काळातले मोठे नाव. तरुणपणी लॅटिनच्या बोलीरूपांतल्या स्वरांवर तीन खंड लिहिलेला माणूस. मग त्यांना वाटू लागले की पूर्ण निर्भेळ अशी भाषाच नसते, आणि मिश्रण पाहायचे तर जहाजांच्या वाटेवर पाहावे. भारतात कधीही न येता त्यांनी कोचीन, दीव, मंगळूर इथल्या पोर्तुगीज बोलींवर निबंध छापले. साधन एकच: पत्रे. कुणा पाद्र्याला, कुणा अधिकाऱ्याला लिहायचे, ‘तुमच्याकडे लोक हे वाक्य कसे म्हणतात ते कळवा.’ उत्तरे यायची. त्यांचा हा पत्रव्यवहार ग्राझने जपून ठेवला आहे. एवढ्या लांबून एक जर्मन माणूस दीवच्या कोळणीचे वाक्य मागवतो. आपल्याला कोर्लईला जायला अलिबागहून तासाभराची एसटी लागते.

मी गेलो होतो, किल्ला बघायला. मुरूड तालुका, कुंडलिकेच्या मुखाशी, समोर रेवदंडा. उतरताना दोन बायका आपसात बोलत वर येत होत्या. मी सवयीने कान दिला आणि एक शब्द कळेना. मला वाटले कोळी बोली असेल, ती तर मला थोडी येते. मग त्यांतल्या एकीने मला पाहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “दादा, उजवीकडून जा, तिकडे निसरडं आहे.” आपसात त्या जी बोलत होत्या तिला ते लोक ‘नोउ लिंग’ म्हणतात. म्हणजे आमची भाषा. माउंट कार्मेलच्या चर्चभोवती राहणाऱ्या हजारेक माणसांची बोली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी गेलेले. दोन-अडीच शतके मराठीच्या शेजारात काढल्यावर वाक्याने शेजारणीची चाल उचलली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लान्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर आख्खे पुस्तक लिहिले. मराठीचा पोर्तुगीजवर काय परिणाम होतो, हे जगात कुठे पाहायचे असेल तर रायगड जिल्ह्यात पाहावे लागते, आणि ते आम्ही इंग्रजीत वाचतो.

तर मागणे. १९१३ चे पुस्तक मराठीत आणा. भाषांतर करणाऱ्याला इंग्रजी आणि थोडी पोर्तुगीज यायला हवी. गोव्यात अशी माणसे आहेत, कोकणात आहेत, वसईतही सापडतील. त्यातली मराठी रूपे रोमन लिपीत आहेत, ती देवनागरीत फिरवताना नव्याने तपासावी लागतील. ते प्रूफ कोणा नवशिक्याकडे देऊ नका.

पण नुसते भाषांतर करून थांबलात तर ते पुन्हा दाल्गादोंच्या जिवावर झाले. त्यांनी पोर्तुगीज बाजू बांधली. त्यांच्या ‘ग्लोसारियो’त आपल्याकडून तिकडे गेलेल्या शब्दांना, गावकरचे ‘गांकार’, भाताचे ‘बात’, कांजीचे ‘कांजा’ अशांना, कोणत्या पोर्तुगीज लेखकाने केव्हा वापरले त्याचे दाखले आहेत. आपली बाजू आपण बांधायची आहे. ‘तुरुंग’ मराठी कागदात पहिल्यांदा केव्हा येतो? ‘पगार’ केव्हा? दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात राजवाडे खंडांतले, म्हणजे वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या जुन्या मराठी कागदांतले, दाखले जागोजाग आहेत, कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ पासून आहे. त्या लोकांनी आपल्या काळात अजस्र काम केले आणि मी त्यांच्यावर बोट ठेवणारा कोण! पण सनावळीने लावलेले दाखले, आधी हा कागद, मग तो कागद, असे या शब्दांपुढे मला मिळाले नाहीत. कागद आहेत. सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आहेत, त्यांत वसईच्या मोहिमेची पत्रे आहेत, फिरंग्यांशी चाललेल्या बोलण्यांची पत्रे आहेत. पणजीच्या दफ्तरखान्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवले, त्यांनी उजेडात आणलेले पोर्तुगेझ-मराठे व्यवहार आहेत. मोडी वाचणारी तरुण मुले हल्ली पुन्हा तयार होत आहेत. त्यांना दर महिन्याला काही द्या, म्हणजे पगार, आणि पंचवीस शब्द हातात द्या. सगळी भाषा नको. पंचवीस शब्द.

कोर्लईला मात्र कोश होईपर्यंत थांबू नका. ध्वनिमुद्रण करायला एक चांगला माणूस, एक यंत्र आणि त्या गावातल्याच दोन मुली पुरेत. त्यांना विचारून, त्यांच्या घरी, त्यांना हवे ते. त्या बाईंनी मला निसरडी वाट दाखवली त्या वाटेवरच बसून करता येईल.

‘लिलाव’पासून सुरुवात केलीत तर माझ्यावर उपकार होतील. पहिली गॅली माझ्याकडे पाठवा. मानधन नको. चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण चौकटी कंस अजून दिसतात, आणि या वेळी केलेली खूण मी खोडणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक